फक्त फोर-जी

गल्लीत तिला सगळे डॉक्टरीण म्हणायचे. ती वरवर "काहीतरीच काय" म्हणायची, पण मनातून तिला ते फार आवडायचं. जिन्याखालच्या सहा बाय आठच्या दुकानात एक मायक्रोस्कोप, एक गरम हवेची बंदूक, लहानमोठे सात चिमटे आणि मेलेल्या फोनांनी भरलेले बिस्किटांचे दोन डबे, एवढाच तिचा दवाखाना. पाण्यात पडलेला, गाडीखाली आलेला, रागाच्या भरात भिंतीवर भिरकावलेला, कसलाही फोन आणा, ती त्याला पालथा घालून म्हणायची, "बघू या, धुगधुगी आहे का." बहुतेकदा असायची.

दुकानाचं मागचं दार थेट घरात उघडायचं, आणि घरात आई असायची. आईची दोन्ही मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वी संपावर गेली होती आणि तो संप काही मिटायचं नाव घेत नव्हता. आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलच्या तळघरात जाऊन चार-चार तास रक्त धुऊन घ्यायचं आणि उरलेले दिवस त्याचा शीण काढण्यात घालवायचे. तरी आई तग धरून होती, कारण तिचं नाव यादीत होतं. कुणीतरी जाता जाता आपलं मूत्रपिंड मागे ठेवून जाईल, ते आईशी जुळेल आणि हॉस्पिटलातून फोन येईल. सगळं घर त्या एका फोनाच्या खुंटीला टांगलेलं होतं.

यादी सांभाळणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. "दोन नंबर देऊन ठेवा. दोन्हींवर तीनतीनदा फोन करीन. अर्ध्या तासात कुणी उचलला नाही तर पुढच्या नावाला लावीन. मला वाईट वाटेल, पण लावीन."

दोन नंबर म्हणजे आईचा आणि डॉक्टरणीचा. दोघींचे फोनही जुळ्या बहिणींसारखे. परदेशातून वापरलेल्या फोनांचं एक खोकं आलं होतं, त्यातले सगळ्यांत देखणे दोन डॉक्टरणीने घासूनपुसून, नव्या बॅटऱ्या घालून घरात ठेवून घेतले होते. दिसायला राजबिंडे. पण सकाळी सातला शंभर टक्के असलेला आईचा फोन दुपारी एकपर्यंत वीसवर यायचा.

"नवी बॅटरी घातलीस म्हणतेस, मग ही जाते कुठे?" वरच्या मजल्यावर राहणारी मावशी रोज विचारायची. ती आईची धाकटी बहीण. तिला दुसऱ्याच्या घरातलं सगळं मोजायची सवय होती, त्यात आता टक्केही आले.

"अगं मावशी, ह्याचा प्रोसेसर जुन्या घडणीचा. आत आठ कामगार आहेत असं समज. चार धिप्पाड, चार किरकोळ. नव्या फोनात साधं काम किरकोळांवर भागतं. ह्यात घड्याळ बघायलासुद्धा धिप्पाड उठतात. तापतात, खातात, परत झोपतात."

"म्हणजे तुझ्या काकांसारखं. काम चिमूटभर, जेवण परातभर."

"अगदी. आणि त्यात आपलं घर तळमजल्यावर, भिंती जाड. फाइव्ह-जीचा टॉवर लांब. फोन त्याला हाका मारतो, ऐकू जात नाही, मग फोर-जीकडे येतो, तिथे बसतो न बसतो तोच पुन्हा फाइव्ह-जीला हाका. दिवसभर नुसती येरझार. लांबच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं ना? ओरडण्यातच बॅटरी संपते."

"मग एका जागी बसव की त्याला," आई आतून म्हणाली.

आई सहज बोलून गेली. पण पुढच्याच बुधवारी हॉस्पिटलच्या तळघरात, सुया टोचलेला हात सरळ ठेवून पडल्या पडल्या, आईने फोन पाहिला तर तो काळा पडलेला. विटेएवढी जड पॉवरबँक घरीच राहिलेली, आणि यंत्रांच्या बोर्डाला फोनचा चार्जर लावायला तिथे सक्त मनाई. दोन तास फोन मेलेला. आई एवढी घाबरली की तिचा रक्तदाब झरकन खाली आला आणि यंत्र ओरडायला लागलं. डॉक्टरणीच्या फोनवर पंधरा टक्के शिल्लक होते, म्हणजे दोन नंबरांतला एक जिवंत होता, हे तिने तीनदा समजावलं. आईचे ओठ तरी पांढरेच.

त्याच संध्याकाळी डॉक्टरणीने दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. चांदणी, चौकटी आणि आकडे असा एक लांबलचक कोड टाकला आणि एक लपलेलं पान उघडलं. साध्या माणसाने तिथे जाऊ नये म्हणूनच ते लपवलेलं असतं. त्यात नेटवर्कची यादी होती. तिने निवडलं, फक्त फोर-जी. मग चार धिप्पाड कामगारांची गती बांधून टाकली. मग तपासलं. मेसेज जातो, येतो. व्हिडिओ चालतो. ॲपवरचा कॉल खणखणीत. आईच्या फोनावरूनही तेच, एकदा नाही, दोनदा.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवायच्या वेळी आईचा फोन चौसष्ट टक्क्यांवर. आई ताट सोडून त्याच्याकडेच बघत बसली.

"हात आहे का जादू आहे गं तुझी," मावशी म्हणाली. "आणि एक पाहिलंस का? ते विमेवाले, प्लॉटवाले, दिवसातून दहादा पिडायचे, कालपासून एकाचाही फोन नाही तुम्हाला. दमले वाटतं बिचारे."

"बरंच झालं," डॉक्टरीण म्हणाली. आणि तिघी हसल्या.

अकरा दिवस असे मजेत गेले. आईने ती पॉवरबँक कपाटात टाकली. टक्के विचारायचं सोडलं. शनिवारी सकाळी तर ती चक्क दुकानात येऊन स्टुलावर बसली, फोन मांडीवर, आणि डॉक्टरीण एका फोनची फुटकी काच उचलत होती ते बघत म्हणाली, "फोन आला तर पिशवी भरायला किती वेळ लागेल गं?"

"पिशवी भरलेलीच आहे की."

"तरी. चप्पल राहील." तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. आई अशी दचकली की स्टूल हललं. मावशी होती, वरून, ॲपवर. चहा टाकलाय, या. दोघी हसत हसत वर गेल्या.

सोमवारी तळघरात आईला यंत्राला जोडून झालं होतं. डॉक्टरीण पायथ्याशी उभी होती. यादीवाल्या बाई वही घेऊन आल्या. त्या कधी तळघरात येत नसत.

"शनिवारी कुठे गेला होतात?"

"कुठं नाही," आई म्हणाली. "घरीच. का हो?"

बाईंनी वही उघडली. त्यांना ती उघडायची नव्हती हे दिसत होतं. "अकरा चाळीसला केला, अकरा बावन्नला केला, बारा पाचला केला. दोन्ही नंबर. संपर्कक्षेत्राबाहेर." त्यांनी वही मिटली. "सगळं जुळत होतं. इतकं जुळलेलं मी वर्षात एकदाच पाहते. मग मी पुढच्या नावाला लावला."

"अहो, पण फोन मांडीवरच होता माझ्या," आई म्हणाली. "चौऱ्याण्णव टक्के होता."

डॉक्टरणीला काही विचारावं लागलं नाही. सगळं एकदम कळलं. नव्या फोनात साधा कॉलही फोर-जीवरूनच येतो. पण त्या खोक्यातले फोन दुसऱ्या मुलखासाठी बनलेले, इथल्या नेटवर्कशी त्यांची तेवढी ओळख नव्हती. साधा कॉल आला की ते मुकाट्याने एक जिना खाली, जुन्या नेटवर्कवर उतरायचे आणि बोलणं झालं की वर यायचे. फक्त फोर-जी म्हणजे तो जिनाच काढून टाकणं. आणि हे तिला माहीत होतं. गेल्याच वर्षी शाळेच्या बसचा ड्रायव्हर असाच फोन घेऊन आला होता, तेव्हा हाच जिना तिने त्याला कागदावर काढून दाखवला होता. "असले उद्योग करू नका, दादा," असंही म्हणाली होती. घरात साधा कॉल कुणी करत नाही, सगळे ॲपवर, गिऱ्हाइकंसुद्धा मेसेजच टाकतात, म्हणून तपासताना तिला साधा कॉल लावायचं सुचलं नाही. विमेवाले दमले नव्हते.

तरी ती बाहेर नर्सच्या टेबलाशी गेली आणि तिथल्या भिंतीवरच्या फोनावरून आईचा नंबर फिरवला. काचेतून आई दिसत होती. फोन तिच्या पोटावर, पडदा वर, उजेड चालू. कानात एक बाई गोड आवाजात सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही. डॉक्टरणीने पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला. आईने फोन उचलून पाहिला, टक्के वाचले आणि परत ठेवला.

ती आत गेली आणि आईला सगळं सांगितलं. जिना, कोड, सगळं. तिने काही लपवलं नाही, रडलीही नाही, कारण रडलं की आई तिलाच समजावत बसली असती.

आईने पोटावरचा फोन पालथा घातला. "म्हणजे वाजलाच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटलं चहाच्या नादात मीच ऐकला नाही की काय." आणि मग, "मावशीला सांगू नकोस. चहा तिचा होता, ती जन्मभर तेच धरून बसेल."

दोन्ही फोन पहिल्यासारखे झाले. डॉक्टरणीने प्रत्येकाला साधा कॉल लावून पाहिला, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रोज. बॅटरी परत दुपारी वीसवर. विमेवाले परत आले आणि दर वेळी घंटी वाजली की दोघी हातातलं काम टाकून पडदा बघायच्या. मायक्रोस्कोपखाली तिला पूर्वीसारखं जमेना. दोन फोन तिच्याकडून वाचले नाहीत, आणि गल्लीत डॉक्टरीण म्हणून कुणी हाक मारली की ती डबे उघडून काहीतरी शोधल्यासारखं करायची. पॉवरबँक कपाटातून बाहेर आली, पण आईला आता ती उचलवत नव्हती. पायऱ्यांवर तिला धाप लागायची. मग बसल्या जागीही लागायला लागली. हृदयाच्या तपासण्या झाल्या, एक, मग दुसरी.

नवव्या आठवड्यात, दुपारी, आईचा फोन वाजला. स्वच्छ, मोठ्याने, पहिल्याच झटक्यात. पडद्यावर हॉस्पिटलचा नंबर. डॉक्टरीण हातातला चिमटा टाकून धावली. आईने फोन कानाला लावला आणि दुसरा हात भिंतीला टेकवलेल्या पिशवीवर ठेवला.

"हो. हो, बोला." मग ती नुसती ऐकत राहिली. पिशवीवरचा हात हळूहळू मांडीवर आला. "नाही हो, तुमचा काय दोष. कळवलंत ते बरं केलंत."

यादीवाल्या बाई होत्या. आईचं हृदय एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. नाव यादीतून काढलं होतं. त्या शनिवारी झालं असतं तर झालं असतं, हे त्या म्हणाल्या नाहीत. पण ते त्यांच्यासकट तिघींना माहीत होतं.

आईने फोन खाली ठेवला नाही. पडद्यावरचे टक्के बघितले. एकवीस.

"आता कर ते तुझं परत," ती म्हणाली. "तो जिना का काय."

"आई, नको."

"अगं, आता कुणाचा यायचाय? तळघरात चार तास छत बघत पडायचं, गाणी ऐकायला तरी पुरेल दिवसभर." तिने फोन पुढे केला. "घे बघू."

डॉक्टरणीने फोन घेतला. चांदणी, चौकटी आणि आकडे टाकताना दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा पान उघडलं. यादीतून तिने निवडलं, फक्त फोर-जी.

दुसऱ्या दिवशी तळघरातून परत आल्यावर आईचा फोन सत्तर टक्क्यांवर होता. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि उशाशी गाणं चालूच होतं. डॉक्टरणीने ते बंद केलं नाही.