उतारावरची गाडी

भाषेच्या बाईंना गाडी चालवता येत होती, फक्त मागे नेता येत नव्हती. लायसन्सच्या परीक्षेत त्यांनी रिव्हर्स घेऊन दाखवला होता आणि तोही कोणाच्या वशिल्याने नव्हे. पण त्या दिवशी मागे मोकळं मैदान होतं. शाळेच्या आवारात मागे गणिताच्या सरांची नवी कोरी मोटरसायकल उभी असायची. म्हणून एकटीने गाडी आणायची ठरल्यावर बाईंनी आधीच जागा हेरून ठेवली. शाळेच्या भिंतीला लागून रस्ता उतरत जातो, तिथे अगदी वरच्या टोकाला. शाळा सुटली की गाडीत बसायचं, चालू करायची आणि सरळ पुढे निघायचं. मागे बघायची भानगडच नाही.

जागेवर कोणी बोट ठेवू शकलं नसतं. वळणाजवळ गाडी लावायची नाही, पादचारी पट्ट्यांजवळ नाही, कोणाच्या फाटकासमोर नाही, हे बाईंना तोंडपाठ होतं. लेखी परीक्षेत त्यांचा एकही प्रश्न चुकला नव्हता. या वयात कसलं ड्रायव्हिंग म्हणून ज्यांनी ज्यांनी नाक मुरडलं, त्यांना बाईंनी कोणत्या गुन्ह्याला लायसन्स जप्त होतं तेसुद्धा न विचारता ऐकवलं होतं.

आजवर शेजारी नवरा असायचा. नवरा एरवी गरीब स्वभावाचा, पण गाडीत बसला की त्याच्या अंगात यायचं. "आरशात बघ." "इंडिकेटर बंद कर, गल्लीभर टिकटिक चाललीये." "पुढच्याच्या इतकी चिकटू नकोस, तो काय आपला पाहुणा आहे?" आणि गाडी थांबली रे थांबली की, "हँडब्रेक." पायाखालच्या चटईवर तो असा काही पाय दाबायचा की तिला भोक पडायचंच बाकी होतं. शेवटी आदल्या दिवशी बाईंनी हात जोडले. "उद्यापासून मी एकटी जाणार. तुम्ही घरी बसून दाबा काय दाबायचं ते."

सकाळ मोठी झकास गेली. बाईंनी पट्टा लावला, आरसे बघितले, निघाल्या. सिग्नलला पट्टीच्या अलीकडे थांबल्या. मागचा एक उतावळा हॉर्नवर हात ठेवून बसला होता, पण लाल दिवा असेपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. उतारावर येऊन त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, डबा घेतला, पर्स घेतली, दार लावलं, कुलूप लागलं का ते दोनदा ओढून बघितलं. कोणी काही बोललं नाही. गाडीतली ती शांतता बाईंना इतकी आवडली की त्या शाळेत शिरताना चक्क गुणगुणत होत्या.

त्या दिवशी विज्ञानाचा पेपर होता आणि बाईंना एका वर्गावर पर्यवेक्षण होतं. पर्यवेक्षकांनी फोन आणि पर्स कार्यालयात ठेवायची आणि बदली माणूस आल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही, असा मोठ्या बाईंचा दंडक. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या जिना चढायला लागल्या की वरच्या मजल्यावरची गणितं आपोआप सुटायला लागतात, असं शिपाई म्हणायचा.

पेपर वाटून झाले. वर्गात फक्त पेनांची खरखर उरली. एवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिला सगळा वर्ग शंकासुर म्हणायचा, आणि नाव उगाच पडलं नव्हतं.

"बाई, एक शंका आहे."

"विज्ञानाच्या पेपरात मी काय सांगणार, बाळ?"

"उत्तर नको, बाई. तिसऱ्या प्रश्नात उतारावर गाडी उभी दाखवलीये. तिचा ब्रेक लावलाय असं धरायचं का? प्रश्नात तसं लिहिलेलं नाही."

बाई वाकल्या. कागदावर एक तिरकी रेघ होती आणि रेघेवर दोन चाकांचा एक ठोकळा. "दिलंय तेवढंच धरायचं," बाई म्हणाल्या, सरळ उभ्या राहिल्या, आणि तशाच थबकल्या.

आपण हँडब्रेक ओढला का?

त्यांनी डोळे मिटले आणि सकाळ पुन्हा पहिल्यापासून आठवून बघितली. गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली. डबा, पर्स, दार, कुलूप. मध्ये हात त्या दांड्यावर गेला का? आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. आठवेना. आधीच्या सगळ्या दिवसांचं लख्ख आठवत होतं, पण त्या प्रत्येक आठवणीत आधी नवऱ्याचा आवाज होता आणि मग आपला हात. आज आवाजच नव्हता. मग हात गेला कशावर?

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. कारण तो उतार संपतो तिथे, भिंतीच्या खालच्या टोकाला, बालवर्गाचं फाटक आहे. थोड्याच वेळात बालवर्ग सुटणार. चिमुरडी पोरं बाहेर येणार, आया न्यायला उभ्या असणार, आणि वर उतारावर ती गाडी.

ओढला असेल. नक्की ओढला असेल, इतकी सवय आहे. बाईंनी वर्गात एक फेरी मारली. नसेल ओढला तर? आणि ओढलेला निघाला तर? वर्ग सोडायचा, मोठ्या बाईंना बोलवायचं, सगळ्या शाळेत बोभाटा करायचा आणि खाली जाऊन बघावं तर गाडी शहाण्यासारखी उभी. मग शिक्षकखोलीत वर्षभर दुसरा विषय नको. मोठ्या बाई गाडी आणायला बंदी करतील. नवरा शेजारच्या सीटवर पुन्हा येऊन बसेल आणि यापुढे एकटीने जायचं नावही काढता येणार नाही. बाईंनी आणखी एक फेरी मारली.

फेरी पहिल्या बाकाशी आली तेव्हा शंकासुर तिसराच प्रश्न सोडवत होती. सुरेख, गोल अक्षरात तिने पहिली ओळ लिहिली होती : गाडीचा ब्रेक लावलेला आहे असे गृहीत धरून.

बाईंनी ती ओळ वाचली. मीसुद्धा तेच करतेय की, त्यांच्या मनात आलं. तिच्या पेपरात फार तर गुण जातील. त्यांनी सरळ दारात जाऊन शिपायाला खूण केली.

"मोठ्या बाईंना बोलवा. आत्ताच्या आत्ता."

शिपायाच्या तोंडचं पाणी पळालं. "पेपर फुटला की काय?"

"नाही हो. तुम्ही जा आधी."

मोठ्या बाई आल्या. भाषेच्या बाईंनी दारातच, हळू आवाजात, एका दमात सांगून टाकलं. गाडी उतारावर आहे, हँडब्रेक ओढला की नाही ते आठवत नाही, खाली बालवर्ग आहे. सांगताना त्यांना वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. मागे सबंध वर्गाच्या माना वर झाल्या होत्या.

मोठ्या बाईंनी एक शब्द वाया घालवला नाही. शिपायाकडे वळून म्हणाल्या, "बालवर्गात फोन करा. मी सांगेपर्यंत फाटक उघडायचं नाही, एक पोर बाहेर नको. आया उभ्या असतील तर त्यांना आत घ्या म्हणावं." मग बाईंना म्हणाल्या, "किल्ली पर्समध्ये असेल. घ्या आणि पळा. वर्ग मी बघते." आणि आत वळून, "तुमच्या उत्तरपत्रिका बाकावर आहेत, इकडे नाहीत."

बाई कित्येक वर्षांत धावल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या जिना उतरल्या, कार्यालयातून किल्ली घेतली, आवार ओलांडलं, आणि मागच्या दाराने रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांना श्वास पुरत नव्हता.

गाडी होती. पण जिथे लावली होती तिथे नव्हती.

सकाळी दिव्याचा खांब पुढच्या दाराशी होता, तो आता मागच्या दाराशी होता. गाडी हातभर खाली सरकली होती. आणि तिथेच थांबली होती, कारण तिची पुढची चाकं फुटपाथकडे वळलेली होती आणि एक चाक कडेच्या दगडाला घट्ट टेकलं होतं. कधी सरकली कोण जाणे. कोणाला लागलं नव्हतं, कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

बाई गाडीसमोर गेल्या नाहीत, एवढं भान त्यांना राहिलं. बाजूने जाऊन दार उघडलं, आत बसल्या, ब्रेकवर पाय दाबला आणि मग दांड्याकडे बघितलं. दांडा खाली होता. गाडी गिअरमध्येही नव्हती, न्यूट्रलला होती. त्यांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला, गिअर टाकला, आणि पाय उचलायचा धीर होईना म्हणून तशाच बसून राहिल्या.

चाकं कोणी वळवली? दुसरं कोण वळवणार. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर एकदा सांगून गेले होते, "उतारावर चाकं दगडाकडे वळवून ठेवायची, म्हणजे गाडीला पळायचं झालं तर दगडाला विचारून पळेल." नवऱ्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती, त्यामुळे त्याने ती कधी सांगितली नाही. त्यामुळे ती बाईंची बाईंनाच लक्षात ठेवावी लागली. तो जे जे रोज बोलायचा ते त्याच्यावर सोपवून बाई मोकळ्या झाल्या होत्या. जे कोणी बोलत नव्हतं तेवढं आज त्यांच्या हाताने आपणहून केलं होतं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मध्येच हसूही येत होतं. त्या उतरल्या, भिंतीशी पडलेली एक वीट आणून चाकापुढे लावली आणि खालच्या फाटकाकडे हात केला. गजांमागून बालवर्ग केव्हाचा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. वरच्या खिडकीतून बघणाऱ्या शिपायाने ते मोठ्या बाईंना सांगितलं, त्यांचा निरोप खाली गेला, फाटक उघडलं आणि पोरं एकमेकांचे हात धरून, आयांची बोटं धरून बाहेर पडली. काही उतार चढून बाईंच्या गाडीजवळूनच पुढे गेली. शेवटचं पोर वळणाआड जाईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. इतकं हलकं त्यांना लायसन्स हातात पडलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

परत येताना मात्र मनात दुसरंच सुरू झालं. आता सगळं ठीक आहे. ओढलेला होता म्हणून सांगितलं तर कोणाचं काय बिघडणार? उगाच त्रास दिला, माफ करा, एवढं म्हटलं की विषय संपला. वाक्य अगदी जिभेवर तयार झालं. वर्गापाशी पोचल्यावर मोठ्या बाईंनी काही विचारलं नाही, फक्त जागा सोडली. जाताना म्हणाल्या, "पेपर झाला की मला भेटा."

पेपर संपला. गठ्ठा बांधून बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

"ओढलेला होता का?"

वाक्य तयारच होतं. बाईंनी ते गिळलं. "नव्हता," त्या म्हणाल्या. "गिअरही नव्हता. हातभर सरकली होती. चाक दगडाला टेकलं म्हणून थांबली."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. उद्यापासून गाडी आणू नका, हे आता येणार म्हणून बाई मनाची तयारी करून उभ्या राहिल्या.

"घरी कुठून जाता?"

"बाजारावरून."

"मग मला बाजारापर्यंत सोडाल?"

बाई गोंधळल्या. "माझ्या गाडीतून?"

"मग काय शिपायाच्या सायकलवरून?"

"पण मोठ्या बाई, आज एवढं सगळं झालं आणि..."

"म्हणूनच तर." मोठ्या बाईंनी समोरचे कागद बाजूला सारले. "आमचे चिरंजीव कॉलेजात होते तेव्हापासून गाडी चालवतात. त्यांना आजवर कधी शंका आली नाही. वेग किती झाला, दिवा कोणता होता, हातात फोन कशाला हवा, कशाचीच नाही. मी शेजारी जीव मुठीत धरून बसते. परवा भर चौकात उतरले आणि चालत घरी गेले." त्या जरा थांबल्या. "तुम्ही तर भरल्या वर्गासमोर मला बोलावून सांगितलंत, की मला खात्री नाही. मला असा माणूस हवा आहे गाडी चालवायला."

बाईंनी होकाराची मान डोलावली.

शाळा सुटल्यावर दोघी उतारावर आल्या. बाईंनी वीट काढून भिंतीशी ठेवली. मोठ्या बाईंनी बसल्या बसल्या पट्टा लावला, हातातली पिशवी मांडीवर घेतली, आणि सबंध रस्ताभर त्यांनी ना ब्रेक म्हटलं ना आरसा. बाजारापाशी कडेला जागा मिळाली. गाडी थांबली तरी त्या पट्टा न सोडता समोर बघत बसून राहिल्या. बाईंनी हँडब्रेक ओढला, त्याचा कर्रर्र असा आवाज झाला.

"झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"झालं."

"मग उतरते." त्यांनी आरशात मागे बघून दार उघडलं आणि उतरता उतरता म्हणाल्या, "सकाळी इथेच उभी राहीन. उशीर करू नका."