छान झालीय हो

मधोमध खड्डा पडलेला होता. गाळणीतला कालचा कॉफीचा चोथा सुकून कडेने भेगाळला होता, आणि त्या खड्ड्याकडे पाहताना तिच्या मनात पहिल्यांदा हेच आलं की हा आधी टाकून द्यावा, कुणाच्या नजरेला पडायच्या आत… मग लगेच आठवलं की आता पाहणारं कुणी नाही. म्हणजे, आई आहे. आतल्या खोलीत खिडकीशी बसलेली आहे, केस विंचरून, खांद्यावर शाल घेऊन. पण ती आता चोथा पाहत नाही. पूर्वी आई कॉफी पिण्याआधी गाळणीत डोकवायची. चोथा कडेपासून कडेपर्यंत सपाट असेल तर पाणी सावकाश, गोल फिरवत ओतलेलं आहे; खड्डा असेल तर एका जागी धार सोडून बाईसाहेब मोकळ्या झाल्या. कप ओठाला लागायच्या आत निकाल लागलेला असायचा. "विहीर खणलीस की काय गं?" म्हणायची, आणि मग तोंड वाकडं करत करत सगळा कप संपवायची.

तिने पाणी उकळायला ठेवलं. सकाळचं स्वयंपाकघर अजून थंड होतं, फरशी पायांना झोंबत होती.

आईचं शिवणकामाचं दुकान होतं. कोट, शाळेचे गणवेश, कधीमधी एखाद्या लग्नाचा पोशाख. तिच्या हाताखालच्या मुली तिला "उसव-बाई" म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे, कारण शिलाई दाखवायला नेली की आई ती बोटांत धरून उजेडाकडे करायची आणि एवढंच म्हणायची, "उसव." कापड असो की कॉफी, तिचा न्याय एकच. पाणी फार उकळलं. पूड फार बारीक दळली. पुडीला ओली व्हायला वेळ दिला नाहीस, तिलाही दम खाऊ दे की जरा! बाबांची तर सुट्टीच्या दिवशीची कॉफी म्हणजे घरातली करमणूक होती. ते मुद्दाम ऐटीत ट्रे घेऊन यायचे, आई एक घोट घ्यायची, काहीतरी खोट काढायची, आणि बाबा मुलांकडे वळून डोळे मिचकावायचे — "ज्या दिवशी ही छान म्हणेल ना, त्या दिवशी समजायचं की आपल्याला घराबाहेर काढलं." बाबा गेले ते शेवटच्या आठवड्यातही बोलणी खाऊन गेले. सुखी माणूस.

बाहेर मात्र आई निराळी असायची. वरच्या मजल्यावर एक शेजारीण होती, फार प्रेमळ बाई, पण तिची कॉफी म्हणजे नुसतं कोमट गढूळ पाणी. आईने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली होती, रुमालाने ओठ टिपले होते आणि हसून म्हणाली होती, "छान झालीय हो." जिना उतरताना तिने — तेव्हा ती आईच्या कमरेएवढी असेल — विचारलं होतं, "आई, खरंच छान होती?"

"कसली छान? फडकं पिळलं होतं त्यात."

"मग तू खोटं बोललीस?"

"परक्याच्या घरी नावं ठेवायची नसतात. नावं ठेवायला आपली माणसं आहेत ना." आणि हसू दाबत आईने तिचा हात धरून भराभर उरलेला जिना उतरवला होता. तो हात… सुया टोचून टोचून पहिल्या बोटाचं टोक खरखरीत झालेला.

किटलीतलं पाणी कुजबुजू लागलं. तिने गॅस बारीक केला.

आईने तिला पहिल्यांदा "छान झालीय" म्हटलं ते थंडी सुरू होताना. ती हरखून गेली होती! एवढी वर्षं घासल्यावर एकदाचं जमलं म्हणायचं. चष्म्याच्या दुकानात, जिथे ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासते, तिथे ती दिवसभर गुणगुणत होती, आणि मालकांनी विचारलंही होतं की आज स्वारी खुशीत दिसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. छान झालीय हो. तिसऱ्या दिवशी कॉफी कडू झाली होती, तिची तिलाच गिळवत नव्हती, तरी छान. तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं होतंच की विसरणं वाढत जाईल, आधी नावं जातील, मग माणसं. नावं गेलीच होती. आई मोठ्या हुशारीने सगळ्यांना "बाळ" म्हणून वेळ निभावून न्यायची. पण माणसं? मी? मी अजून आत आहे की त्या शेजारणीसारखी वरच्या मजल्यावर जाऊन बसले?

धाकट्या भावाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं ताई, छान म्हणते तर तुझी तक्रार काय? जन्मभर बोलणी खाल्लीस, आता सुखाने पी की." त्याचं चुकलं नाही. तो लांब राहतो. त्याला आई फोनवरच भेटते, आणि फोनवर ती सगळ्यांशीच गोड बोलते. सरळ विचारून टाकावं — आई, मी कोण? — असं कितीदा तरी ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं. उत्तराची भीती वाटते, दुसरं काय.

चष्म्याच्या दुकानात गोड बोलून वेळ निभावणारी माणसं रोज येतात. दिसत नसतं, पण दिसत नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं अंदाजाने वाचतात आणि प्रत्येक भिंगाला मान डोलावतात. अशांसाठी तिची एक युक्ती आहे. ती तपासणीच्या चष्म्याच्या चौकटीत गुपचूप साधी काच सरकवते, जिला कसलाच नंबर नाही, आणि विचारते, "आता?" खरं बोलणारा म्हणतो, "छे, आता गेलं की हो सगळं." भिडस्त म्हणतो, "वा, आता एकदम छान." मग ती काही न बोलता पहिल्यापासून सुरू करते.

काल संध्याकाळी ओटा आवरताना चोथा तिने टाकला नव्हता. विसरले, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. आता त्याच चोथ्यावर, कालच्या त्या खड्ड्यावर, तिने गरम पाणी ओतलं — खळकन, एका जागी, आईने पाहिलं असतं तर किटली हातातून काढून घेतली असती — आणि खाली कपात जे उतरलं त्याला कॉफी म्हणणं म्हणजे कॉफीचा अपमान होता. ताज्या पुडीचा डबा शेजारीच होता. अजूनही ओतून द्यावं, नीट करावी… स्वतःच्या आईची परीक्षा घेतेस? लाज नाही वाटत? वाटत होती. चांगलीच वाटत होती. पण एकदा, फक्त एकदा तिने तोंड वाकडं करावं, हे काय पाजतेस म्हणून कप पुढे सारावा, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी ती तो कप घेऊन आत गेली.

आई खिडकीतून खालचा रस्ता पाहत होती. तिने कप दोन्ही हातांत घेतला. एक घोट. क्षणभर ओठ आवळले गेले, भुवई किंचित वर गेली — आता… आता…

आईने रुमाल काढून ओठ टिपले. तिच्याकडे वळून हसली.

"छान झालीय हो."

म्हणजे कळलं होतं तिला. जीभ शाबूत होती, चव शाबूत होती, रीतसुद्धा शाबूत होती. नव्हते ती फक्त मी. ती आईसमोरच्या खुर्चीवर बसून राहिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही.

पाहुण्याने गप्प बसणं आईला कधीच आवडलं नव्हतं. तिने बोलणं काढलं. "कुणी शिकवली गं, बाळ? कॉफी?"

"आईने."

"अस्सं. चांगली करते ती?"

"फार चांगली. माझी मात्र तिला कधी आवडली नाही. नावं ठेवायची."

"ठेवणारच!" आई एकदम तिच्या जुन्या, दुकानातल्या आवाजात म्हणाली. "घरची ना तू. तुला नाही ठेवणार तर काय शेजारणीला?" मग काहीतरी लक्षात आल्यासारखी ती थांबली, पुढे झुकली आणि जपून, हळू विचारलं, "आहे ना गं ती?"

खालून कुणाची तरी गाडी सुरू होण्याचा आवाज आला, दूर गेला.

"आहे," ती म्हणाली. "पण बरं नसतं तिला."

"अरेरे… जवळ असतेस ना तिच्या?"

"असते."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि तो भयंकर कप पुन्हा तोंडाला लावला.

तिने खुर्ची पुढे ओढली. कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं. आईसमोर ती कधी हताश होऊन बसली नव्हती. तसं बसलं की पाठ सरळ कर म्हणून ऐकावं लागायचं. आता पाठ वाकवून, गुडघ्यांवर कोपरं टेकून ती म्हणाली, "मला फार भीती वाटते हो… ती मला विसरली की काय अशी." आणि मग थांबताच येईना. दुकान, थंडी, चोथा, बाबांचं ते डोळे मिचकावणं, सगळं एकात एक गुंतून बाहेर येऊ लागलं, आणि समोरची बाई ऐकत होती, मान हलवत, मधेच "बरं", मधेच "असं होय" म्हणत, रिकामा होत आलेला कप मांडीवर धरून. हे सगळं आईजवळ मला जन्मात बोलता आलं नसतं… आणि आईखेरीज दुसऱ्या कुणाजवळ मी बोललेही नसते.