दुमडलेला कोपरा

रझियाने हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बेसिनचा नळ बंद केला, पदराने तोंड पुसलं आणि आरशात पाहून पुन्हा नळ सोडला. डोळे अजून लालच होते. मागे तिच्या मैत्रिणीचे, पूर्णिमाचे, यजमान दिगंबर रझियाची पर्स आणि ‘वेणी’ साप्ताहिकाचा ताजा अंक हातात धरून उभे होते. बायकांची पर्स धरून उभं राहायची वेळ त्यांच्यावर आजवर कधी आली नसावी, कारण त्यांनी ती दोन बोटांत, एखाद्याचा भिजलेला बूट धरावा तशी धरली होती.

“चष्मा लावून आत जा, भाभी,” ते म्हणाले. “काचेमागे फारसं कळत नाही.”

“तिला कळतं, भाऊजी. तिला भिंतीमागचंसुद्धा कळतं.”

“मग आज कळू देऊ नका.”

मघाशी लिफ्टपाशीच त्यांनी तिला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. एवढंच. दिगंबरांची सगळी नोकरी वीज मंडळात लोकांच्या तक्रारींना उत्तरं देण्यात गेलेली, त्यामुळे कमीत कमी शब्दांत आटोपतं घ्यायची त्यांना सवय होती. पण ‘घरी न्या’ म्हणताना त्यांचा आवाज असा फाटला की लिफ्टमधून उतरणारा एक परका माणूस जागीच थांबला. पूर्णिमाला मात्र त्यांनी वेगळंच सांगून ठेवलं होतं. सुधारणा आहे, म्हणून सोडतायत. आता हे खोटं रझियानेही सांभाळायचं होतं, आणि खोटं बोलणं हे एक काम तिला जन्मात जमलेलं नव्हतं.

खोलीत पूर्णिमा उशीला टेकून बसली होती. बसवली होती म्हणायचं. अंगावरचा हॉस्पिटलचा निळा झगा आता दोघींना पुरेल एवढा झाला होता. पण केस विंचरलेले होते, आणि कपाळाला टिकली होती.

“आलीस? किती उशीर. अंक आणलास?”

“आणलाय. उघडलासुद्धा नाही.”

हे मात्र खरं होतं. ‘वेणी’ आधी पूर्णिमाने वाचायचा, मग रझियाने, हा नियम गुलटेकडीच्या त्या इमारतीत दोघींची दारं समोरासमोर आली तेव्हापासूनचा. नवऱ्याचा, कासिमचा, मार्केट यार्डात फळांचा गाळा, म्हणून कॅम्पातली रझिया लग्न होऊन इकडे आली. तिची शाळा उर्दू. मराठी बोलायला फाडफाड यायचं, पण देवनागरी दुकानांच्या पाट्यांपुरती. समोरच्या नव्या वहिनीने आपलं वाचून झालेलं साप्ताहिक तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, वाच, सोपं असतं, रडायला येतं. रझिया अक्षर अक्षर जुळवत वाचायला लागली. महिन्याभराने तिने जिन्यात पूर्णिमाला गाठून विचारलं होतं,

“हा क्रमशः कोण गं? सगळ्या गोष्टी हाच लिहितो. आणि एक पुरी करत नाही मेला!”

पूर्णिमा हसत हसत जिन्यातच खाली बसली होती. मग तिने समजावून सांगितलं, पण तोवर क्रमशः हा माणूस दोघींच्या ओळखीचा होऊन बसला होता. पुढे वर्षानुवर्षं गोष्टीचा भाग संपला की एकीने विचारायचं, “कोणी लिहिलंय?” आणि दुसरीने म्हणायचं, “क्रमशः.” दिगंबरांना यात हसण्यासारखं काय आहे ते कधीच कळलं नाही. ते ‘वेणी’ला ‘साप्ताहिक रडारड’ म्हणत. पेपरवाल्याने शुक्रवारी अंक टाकला की आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, “आली गं तुझी रडारड. रुमाल घेऊन बस.”

एकदा त्यांनी घर आवरण्याच्या उत्साहात रझियाचा वाचायचा राहिलेला अंक रद्दीत देऊन टाकला. त्यानंतर पूर्णिमाने खूण ठरवली. आपलं वाचून झालं की शेवटच्या पानाचा कोपरा दुमडायचा, अंक समोरच्या दारात नेऊन द्यायचा आणि म्हणायचं, “माझा वाचून झाला.” रझियाचं झालं की तिने तो दुमडलेला कोपरा फाडून टाकायचा. कोपरा फाटलेला असेल तरच रद्दी. दिगंबरांनी हा कायदा कुरकुरत का होईना, पण पाळला.

हॉस्पिटलात आल्यापासून पूर्णिमाला अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून रझिया वाचून दाखवायची. तरी पहिला मान पूर्णिमाचाच राहावा म्हणून तिने घरी एकदाही अंक उघडून पाहिला नव्हता.

“आधी भविष्य,” पूर्णिमा म्हणाली.

रझियाने चष्मा नीट केला. “कन्या. कामाचा ताण हलका होईल. जुन्या गाठीभेटी होतील. घरात…” ती थांबली. “घरात मंगल वातावरण. प्रवासाचे…”

पुढचा शब्द बाहेर येईना. तिने खाकरून पाहिलं. पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.

“‘प्रवासाचे योग’ असेल,” पूर्णिमाच म्हणाली. “दर दोन महिन्यांनी असतो. मी कुठे गेले कधी? आता घरी जायचंय, तोच प्रवास. गुलटेकडीपर्यंत.”

“हो ना. तोच.”

“रझिया, इकडे बघ.”

रझियाने अंकातून डोकं वर काढलं नाही.

“तू पुढचं वाचून आलीयस.”

“कसम से, पानसुद्धा उघडलं नाही मी!”

“अंकाचं कोण म्हणतंय?” पूर्णिमाचा आवाज मुळीच चढला नव्हता. भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात ती बोलत होती. “आनंद काल हिंजवडीहून भरदुपारी आला. दिवाळीत पहिल्या आंघोळीलासुद्धा ज्याचा लॅपटॉप बंद होत नाही, तो. येऊन आईचे पाय दाबत बसला. आणि ह्यांनी सकाळपासून एक टोमणा मारलेला नाही. आज शुक्रवार आहे, माहीत आहे ना त्यांना? तरी रडारड म्हणाले नाहीत. म्हणाले, तुझं साप्ताहिक येईल हं आता. हं म्हणाले मला. या माणसाने लग्नातसुद्धा मला हं म्हटलं नव्हतं.”

रझियाच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. तिने तो काढला, पुसला, पण परत लावायचं तिला सुचेना. खरं सांगून मोकळं व्हावं, या बाईच्या गळ्यात पडून मोठ्याने रडावं, असं तिला इतकं वाटलं की तिने खाटेचा गज घट्ट धरला. बाहेर दिगंबर बाकावर बसले होते. त्यांना दिलेला शब्द होता.

“पूर्णिमा, डॉक्टर म्हणाले की…”

“सांगू नकोस.”

पूर्णिमाने हात वर केला होता. सुई लावून लावून काळानिळा पडलेला तो हात क्षणभर तसाच राहिला, मग चादरीवर उतरला.

“पुढचं आधी सांगायचं नाही, हे ठरलंय ना आपलं? तू वाचलंस, मी नाही वाचलं. मला माझ्या गतीने वाचू दे.” मग ती म्हणाली, “केतकीचं काय झालं ते बघ.”

केतकी ही ‘केतकीचं सासर’ या चालू गोष्टीची नायिका. तिचा नवरा बोट बुडून गेला असं सगळे धरून चालले होते, आणि तो सहा वर्षांनी दाढी वाढवून दारात उभा राहिला. तेव्हापासून तो नवराच की कोणी तोतया, यावर गोष्ट महिनोन्महिने चालली होती. पूर्णिमाच्या मते तो शंभर टक्के तोतया होता. रझिया म्हणत होती, नवराच आहे, माणूस दाढीत ओळखू येत नाही एवढंच. पैज लागली होती. रझिया हरली तर ईद नसताना शीरखुर्मा, पूर्णिमा हरली तर होळी नसताना पुरणपोळी.

रझिया वाचू लागली. वाचताना तिला नेहमी बरं वाटायचं. डोळे कागदाला बांधलेले असत आणि तोंडाला दुसऱ्याचे शब्द मिळत. गोष्ट बेताचीच होती. कपटी मावशी होती, हरवलेलं मंगळसूत्र होतं, पावलोपावली रडणारी केतकी होती. पूर्णिमा डोळे मिटून ऐकत होती आणि मधूनच म्हणत होती, “मूर्ख आहे ही मुलगी,” किंवा “मावशीला जेवायला कशाला ठेवून घेतलं?”

शेवटच्या पानावर केतकी त्या माणसाला घराबाहेर काढते. रात्रभर तो ओट्यावर बसून राहतो. पहाटे तिला राहवत नाही, ती त्याला आत घेते. तो आत येतो आणि दार लावायला वळतो. त्या घराचं दार उतरलेलं होतं. सरळ ढकललं तर कडी बसायची नाही.

“‘त्याने दार किंचित वर उचललं,’” रझियाने वाचलं, “‘गुडघ्याने आधार दिला, आणि मग कडी घातली. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. केतकीने काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. दार नीट लागलं होतं.’”

“म्हणजे नवराच,” पूर्णिमा म्हणाली.

“नवराच.”

“जिंकलीस. पुरणपोळी लागली माझ्याकडे.”

“सावकाश कर. कुठे पळून जाते मी?”

वरचा पंखा कटकट करत फिरत होता. मग पूर्णिमाने मिटल्या डोळ्यांनीच, दर शुक्रवारी विचारत आली होती तसं विचारलं,

“कोणी लिहिलंय?”

रझियाची नजर पानाच्या तळाशी गेली. तिथे मधोमध, दोन बारीक नक्षीदार रेघांमध्ये, जाड टायपात शब्द होता. समाप्त. तिने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला. इतकी वर्षं किती गोष्टी संपल्या होत्या. हा शब्द आला की दोघी सुस्कारा टाकून म्हणायच्या, सुटली बिचारी, आणि पुढच्या शुक्रवारी नव्या गोष्टीच्या नायिकेला नावं ठेवायला मोकळ्या व्हायच्या. आज तो शब्द तिला वाचवेना. तो तोंडातून काढला तर या खोलीत तो नुसता गोष्टीपुरता राहिला नसता.

“क्रमशः,” ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिचं खोटं न अडखळता बाहेर आलं.

पूर्णिमाने डोळे उघडले. तिला नीट दिसत नव्हतं, पण ती रझियाकडे बघत होती.

“दार लावल्यावर?”

“हो.”

“तो नेहमी दार उघडताना थांबतो. घंटी वाजते, दार उघडतं, आणि क्रमशः. दार लावल्यावर कधी थांबला नाही.”

“म्हातारा झालाय आता,” रझिया म्हणाली. “थांबतो कुठेही.”

पूर्णिमा हसली. हसताना तिला खोकला आला, आणि तो बराच वेळ गेला नाही. रझियाने तिची पाठ चोळली. हाताला मणके एकेक लागत होते. पाणी पाजलं, ओठ पुसले. खोकला थांबल्यावर पूर्णिमाने हात पुढे केला.

“दे इकडे.”

रझियाने अंक तिच्या मांडीवर ठेवला. पूर्णिमाने तो चाचपून पालथा केला, शेवटच्या पानावर हात फिरवत खालच्या कोपऱ्यापर्यंत आली. बोटांत जोर नव्हता. कागद निसटला, तिने पुन्हा धरला. कोपरा आत वळवला आणि घडीवरून अंगठ्याचं नख सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. काम मनासारखं झाल्यावर ती जशी मान हलवायची तशी तिने मान हलवली.

“माझा वाचून झाला,” ती म्हणाली. “घे. आता तुझा.”

रझियाने अंक घेतला. तिने पूर्णिमाचा हात आपल्या गालाला लावला आणि तो भिजला. पूर्णिमाने तो काढून घेतला नाही. थोड्या वेळाने तिला झोप लागली, तेव्हा रझिया उठली.

बाहेर दिगंबर बाकावरून चटकन उभे राहिले. त्यांनी रझियाचा चेहरा पाहिला. घसा साफ केला, आणि आवाजात नेहमीचा तिरकेपणा आणायचा प्रयत्न करत म्हणाले,

“झाली का रडारड? द्या तो अंक, घरी नेतो. खोली आवरायचीय, रद्दी बांधायला घेतलीय मी.”

त्यांनी हात पुढे केला होता. रझियाने अंक छातीशी धरला.

“माझा राहिलाय अजून,” ती म्हणाली.

दिगंबरांनी खाली पाहिलं. कोपरा दुमडलेला होता. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांचा पुढे केलेला हात हळूच मागे गेला.

“राहू द्या मग,” ते म्हणाले. “घाई नाही.”