चाकाखालचा दगड

"काका, लायनर चांगलं हायत, केबल पन तुटली नाय. मंग ह्यो हँडब्रेक धरत का नाय?" जुनाट पिकअपच्या पोटाखालून संजू मेस्त्री वैतागून बोलला.

"नीट बघ रे बाबा. हात जोडतो तुला." धाऊ रडकुंडीला आला होता. मुरबाडच्या बाकी मेस्त्र्यांनी 'भंगारात घाला' म्हणून हात झटकले होते. भंगारात घालून खायचं काय? काल टोकावड्याच्या चढावर चाकाला दगड लावायला तो उतरला आणि भेंडीच्या क्रेटांसकट गाडी मागे निघाली. आंब्याने अडवली म्हणून बरं, नाहीतर कारभार आटोपलाच होता!

दगड लावणं हे त्याचं काम नव्हतंच मुळी. ते त्याच्या बायकोचं, सकुबाईचं. गाडी थांबली रे थांबली की ही बाई पदर खोचून उडी मारायची, दगड सरकवायची आणि वर धाऊलाच दम द्यायची, "सोडा आता ब्रेकवरला पाय!" पण पावसाळ्यात तिचं डावं अंग लुळं पडलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेली. "मी आता कुनाच्या कामाची?" म्हणायची आणि पेजेची वाटी लोटून द्यायची. अशाने बाई हातची जाणार, हे धाऊला दिसत होतं. त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

"गावलं!" संजू बाहेर सरपटला. "केबल हुकातनं काढून वर बांधलीय कोनीतरी."

त्याच्या हातात ऑइलने काळी झालेली लुगड्याची चिंधी होती. गाठ दुहेरी, वर एक पीळ. भाजीच्या गोणीला सकू मारायची तीच.

धाऊने ती चिंधी हातात घेतली. मागे एकदा ब्रेक दुरुस्त झाला, तेव्हा तो तोऱ्यात म्हणाला होता, "आता तू घरी बस गो, आराम कर." आठवड्याच्या आत ब्रेक गेला होता, आणि सकू पुन्हा शेजारी बसून वाटभर बडबडत यायला लागली होती.

"कोनी केलं असंल वो काका?"

"उंदरानं," धाऊ डोळे पुसत म्हणाला. "जोड तू केबल."

संध्याकाळी घरापुढच्या उतारावर त्याने ब्रेक ओढला. गाडी तसूभर हलली नाही. तो पेज घेऊन सकूच्या खाटेपाशी बसला.

"झाला ब्रेक?" तिने भिंतीलाच विचारलं.

"कसला व्हतो! मेस्त्रीनं हात टेकलं. लवकर उठ बये, माज्या एकट्याच्यानं नाय निभत."

सकूची मान हळूच दाराकडे वळली. "दगड लावला?"

"र्‍हायला."

"मंग बसलाव काय? लावा आधी."

धाऊ बाहेर गेला. जागच्या जागी घट्ट उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाखाली, तिला दिसेल असा, त्याने दगड सरकवला आणि परत येऊन वाटी उचलली.

"तिरका लागलाय," सकू म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.