उघाडीवरची झोप

कुणाला कुठे झोप लागेल याचा नेम नाही. माझी सासू गुणाबाई भाकरी थापता थापता पेंगते आणि वर म्हणते, "मी डोळे मिटून विचार करते गं." पण गावात नाव झालं ते आमच्या ह्यांच्या झोपेचं.

आमचं काम पनवेलच्या खाडीकाठी, मिठागरावर. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि वेळेवर फळी टाकून अडवायचं, त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. उशीर झाला तर पाणी वाफ्यांत शिरतं आणि तयार मीठ विरघळून जातं. उघाडी ह्यांच्याकडे. दुपारी हे बांधावर आडवे व्हायचे आणि एक पाय खाली चरात सोडायचे. पाणी चढून टाचेला लागलं की जाग! फळी टाकायची, की पुन्हा आडवे. "काळूरामला घड्याळ कशाला? टाच हाय त्याची," असं म्हणून लोक हसायचे. मलाही कौतुक होतं, खोटं कशाला बोलू.

यंदा मिठाच्या मापात शेर-मण जाऊन किलो आले. ह्याच उन्हाळ्यात एका दुपारी मी भाकर घेऊन बांधावर गेले. हे झोपलेले, तोंड उघडं. आणि पाणी पार पोटरीवर आलेलं.

मनात आलं ते सांगवत नाही. धावत जाऊन छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. जिवात जीव आला, आणि मग नजर पायाकडे गेली. टाचेजवळ पाणी लालसर झालं होतं. कालवाची शिंप टाचेत रुतली होती, कधी रुतली कोण जाणे, आणि माणूस घोरत होता.

मी टाचेला नख लावलं. जोरात. घोरणं चालूच. खांद्याला नुसतं बोट लावलं, तर ताडकन उठून बसले.

"पानी!" म्हणत हे उघाडीकडे धावले. टाचेत शिंप घेऊन धावले आणि जरासुद्धा लंगडले नाहीत.

खाडीपलीकडच्या खोपटात तुळशीराम एकटा राहतो. चुलीतला निखारा पायावर पडला तरी त्याला कळलं नव्हतं. महारोग, असं कुणीतरी म्हणालं आणि गावाने त्याला बाहेर काढलं. बायको माहेरी गेली. त्याची भाकरी अजून काठीने पुढे ढकलतात.

फळी टाकून हे परत आले तेव्हा मी पदर फाडून बसले होते.

"कदीपासून?"

"गेल्या सालच्या शिमग्यापासून."

"मंग पानी लागलेलं कसं समजायचं?"

"नाय समजायचं. मी झोपतच नव्हतो, वेणू. डोळे मिटून पडायचो, कुनाला कळू नये म्हनून. आज डोळा लागला."

वर्षभर! असा राग आला मला, की वाटलं हाणावी एक. "मना का नाय सांगितलंत?"

"तू बेलपाड्याला गेली असतीस. माहेरी."

एवढ्यात बांधावरून काशीराम मुकादम येताना दिसला. मी भाकरीची टोपली ओढून ह्यांच्या पायावर ठेवली.

"काय रं काळूराम, दोन वाफे गेले! टाच झोपली का आज?"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मीच बोलले, "मी बोलत बसवलं त्यांना. माजी चूक."

"बायका!" म्हणत मुकादम टोपलीकडे बघत राहिला. मी टोपलीवरचा हात काढला नाही. शेवटी तो गेला.

"पनवेलला दवाखान्यात गोळ्या देतात म्हने," मी म्हटलं. "उद्या जाऊ."

"आनि तिथं कुनी बघितलं तर?"

मी शिंप काढली, टाच बांधली. "आडवे व्हा. पानी मी बघते." आणि हे झोपले, वर्षाची झोप राहिलेला माणूस झोपतो तसे.

गोळ्या चालू आहेत. आडवाटेने जातो, आडवाटेने येतो. दुपारी उघाडीवर मी बसते. लोक चिडवतात, काळूरामला आता बायकोशिवाय झोप येत नाय. चिडवू देत.

लोक सकाळी उठून आधी तळहात बघतात. मी अंथरुणातच टाच चिमटते. आधी माझी. दुखली की देवाला हात जोडते. मग ह्यांची. हे झोपलेलेच असतात.