कोरा पट्टा

"डल्सी! हात लावू नकोस! अगं, हो बाजूला!"

क्लॅरी टलक कुंपणावर चढता चढता ओरडला. सत्तरीला टेकलेल्या माणसानं तारेवर चढू नये हे त्याला कळत होतं, पण फाटकापर्यंत जायला वेळ होता कुणाला? विजार तारेत अडकून टर्रकन फाटली आणि तो गवतात जवळजवळ पालथाच पडला. डोकं वर केलं तर समोर शेजारीण गुडघे टेकून बसलेली, शेजारी गच्च भरलेलं पोतं, आणि पिवळ्या फुलांचा अर्धा पट्टा भुंडा.

"आलास का, इन्स्पेक्टर?" डल्सी प्रॅटलीनं हातमोज्यानं घाम पुसला. "तासभर अजून झोपला असतास तर उरलेलाही साफ केला असता."

"काय केलंस हे, बाई!"

"रॅगवर्ट उपटलं. तूच शिकवलंस ना जन्मभर?"

ते मात्र खरं होतं. तीस वर्षं क्लॅरी त्या तालुक्याचा तण-इन्स्पेक्टर होता. रॅगवर्ट हे विषारी तण, ते खाऊन गायीचं यकृत सडतं. म्हणून साउथलँडमध्ये डिसेंबरात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, ज्याच्या कुरणात पिवळं दिसेल त्याला चारचौघांत मान वर करायची सोय नसते. क्लॅरीनं भल्याभल्यांच्या फाटकाला नोटिसा चिकटवल्या होत्या. डल्सीचा नवरा स्टॅन कंबर मोडून पडला होता, त्या वर्षीसुद्धा त्यानं तिला सोडलं नाही. महिन्याची मुदत दिली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिचं मागचं कुरण लख्ख झालेलं होतं. नवरा अंथरुणात, दूध काढायला ती एकटी, तरी कसं झालं कोण जाणे. तिनं कधी चकार शब्द काढला नाही, आणि क्लॅरीला टोमणे मारायचंही थांबवलं नाही.

आणि निवृत्त झाल्यावर याच क्लॅरीनं रस्त्याकडेचं कुरण संशोधनाला दिलं. पिप गार्लंड नावाच्या तरुण बाईनं त्याचे तीन पट्टे पाडले. एका टोकाला रॅगवर्टवर जगणारे बारीक भुंगेरे सोडले, मधल्या पट्ट्यावर तणनाशक मारलं, आणि तिसरा कोरा ठेवला. त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. पहिल्या दोन्हींत काय फरक पडला, ते या तिसऱ्याशी ताडून बघायचं होतं. तिसरा उन्हाळा चालू होता आणि कोरा पट्टा नुसता पिवळाधमक फुलला होता. ज्यांना नोटिसा मिळाल्या होत्या ते मुद्दाम गाडी हळू करत, भोंगा वाजवत, "मुदत महिन्याची बरं का, क्लॅरी!" म्हणून ओरडत. क्लॅरी दात चावून हसायचा. उपटून, फवारून हात झिजले होते आणि दर वर्षी ते तण पुन्हा उभं राहत होतं. डोळे मिटायच्या आत एकदा तरी त्याला ते हरलेलं बघायचं होतं, बस्स. म्हणून त्यानं पिपला शब्द दिला होता की पट्ट्याला कुणी हात लावणार नाही.

आणि पिप आज शेवटची मोजणी करायला येणार होती.

"अगं, मुद्दाम ठेवलं होतं ते!" त्याचा आवाज फाटला. "तीन वर्षांवर पाणी फिरवलंस!"

डल्सीचं तोंड उतरलं. "मला वाटलं, तुला आता वाकवत नाही, नि कबूल करायची लाज वाटते. काल दुकानात सगळे तुझ्यावर खिदळत होते. मला नाही बघवलं, जा."

तेवढ्यात पिपची चिखलानं माखलेली जीप येऊन थांबली. पिप उतरली, पट्ट्याकडे बघितलं आणि तिथंच गवतात बसली. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर क्लॅरीला बरं वाटलं असतं.

"माझंच चुकलं, पोरी," तो म्हणाला. "राखण मला जमली नाही."

"त्याला नको बोलूस, मी उपटलंय," डल्सी मध्येच म्हणाली. "आणि मेलं निघालं तरी किती सहज! माझ्याकडे एकेका झाडाशी कुस्ती खेळावी लागते. हे म्हणजे गाजर."

क्लॅरीनं झटकन वर पाहिलं. "काय म्हणालीस? सहज?"

त्यानं पोत्यात हात घालून एक झाड बाहेर काढलं. रॅगवर्ट सहज निघत नाही, ते त्याच्या कमरेला विचारावं. त्यानं चाकूनं बुंधा उभा चिरला. मूळ आतून पोखरलेलं, निम्मं भुसा झालेलं. पानं भोकाभोकांची. झाड झटकल्यावर तिळाएवढे सोनेरी भुंगेरे टणाटण उड्या मारत त्याच्या फाटक्या विजारीवर आले.

"पिप, इकडे ये. आधी ये इकडे!"

पिप रांगतच आली. मग तिनं उभी असलेली झाडंही उपटली, एक, दोन, पाच. प्रत्येकाचं मूळ तसंच. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"भुंगेरे फवारलेला पट्टा ओलांडून आलेत! आपले आपण! आणि आम्ही तीन वर्षं नुसते दोरीबाहेरून मोजत बसलो. उपटायचंच नव्हतं, मग कळणार कसं?"

"म्हणजे मी वाटोळं नाही केलं?" डल्सीनं विचारलं.

"तुमच्या आधीच यांनी केलं होतं. पण आता नवा कोरा पट्टा लागणार. लांब, यांना सहज पोचता येणार नाही असा." तिची नजर रस्त्यापलीकडच्या टेकाडावर गेली. तिथं डल्सीचं कुरण होतं. त्यात यंदा पिवळं डोकावू लागलं होतं.

क्लॅरीनं घसा खाकरला.

"डल्सी, तुझं ते समोरचं... यंदा उपटू नकोस."

"काय म्हणालास?"

"उपटू नकोस म्हणालो."

"मोठ्यानं बोल, इन्स्पेक्टर. तीस वर्षं थांबलेय मी हे ऐकायला."

"उपटू नकोस गं बाई!" तो ओरडला, आणि त्यालाच हसू फुटलं. पिपही हसली. डल्सी तर पोत्यावर रेलून खो खो हसत होती.

"नाही उपटत," ती शेवटी म्हणाली. "भोंगे वाजवू देत मेल्यांना. पण मग ही तुझ्याकडे ठेव. जवळ राहिली तर माझे हात शिवशिवतील."

पोत्याखालून तिनं एक लहान कुदळ ओढून त्याच्या हातात दिली. क्लॅरीनं ती सवयीनं तोलली आणि त्याचा हात थबकला. दांडा हातांनी घासून गुळगुळीत झाला होता, पण टोकाशी तापल्या सळईनं डागलेली दोन अक्षरं अजून वाचता येत होती. त्याच्याच नावाची होती ती. स्टॅन अंथरुणाला खिळला होता त्या वर्षी, एका पहाटे तो घाईघाईनं डल्सीच्या मागच्या कुरणातून निघाला, तेव्हा ही कुदळ तिथंच राहिली होती. परत आणायला जायची त्याची हिंमत झाली नव्हती.

त्यानं डल्सीकडे पाहिलं. ती पोत्याचं तोंड बांधत होती.

पातं नुकतंच घासलेलं होतं. त्यानं अंगठा हलकेच धारेवरून फिरवला.

"हिला धार कोण लावतं?"

"दर डिसेंबरात मीच," डल्सी मान वर न करता म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू, नीट नको ठेवायला?"