बगळ्यांच्या पायाखाली

पायाखालचा मी बोलतोय. मला गवत समजू नका. मी गवताच्या रंगाचा, नायलॉनचा गालिचा. अमेरिकेच्या दक्षिणेला, जॉर्जियातल्या कारखान्यात जन्मलो आणि जन्मल्याबरोबर माझी गाठ पडली ती सुरीशी. लांबलचक पट्ट्यांत कापून, गुंडाळून त्यांनी मला ट्रकमध्ये टाकलं आणि थेट उत्तरेला, सरोवराकाठच्या ईरी शहरात धाडलं. तेव्हापासून पातं चमकलं की माझा धागा न् धागा ताठ होतो.

ईरीत तेव्हा हेरॉन्स नावाचा नवा संघ निघाला होता. छपराखालचा फुटबॉल खेळणारा, पगारी खेळाडूंचा. हेरॉन म्हणजे बगळा. तेव्हा आपण त्यांना बगळेच म्हणू. मैदान म्हणजे बर्फावरच्या हॉकीचा आखाडा. बर्फ तसाच ठेवायचा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर मी. चारी बाजूंना कमरेएवढ्या भिंती आणि त्यांच्यावर काच. चेंडू भिंतीवर आपटून परत यायचा. माणसंही तशीच आपटायची.

पहिले हिवाळे भरभराटीचे गेले. बाहेर गुडघाभर बर्फ, तरी लोक पेपरोनी म्हणजे मसालेदार सॉसेज भरलेले गरम बन खात, फुंकर घालत, झुंडीनं येत. सामन्याआधी सगळे दिवे घालवत आणि बगळे धुरातून पळत येत. लोकांना तो क्षण फार आवडे. मला मात्र तो नकोसा वाटे. खालून बर्फाचा गारठा चढत असे आणि वर अंधारात कोण कुठे घसरेल याचा नेम नसे. माझ्यावर घसरलेल्या माणसाची कातडी सोलून निघते. मला बोटं नाहीत, तोंड नाही; धरून ठेवता येत नाही की ओरडता येत नाही.

बगळ्यांचा म्होरक्या होता झ्डेन्को पावलिच. युगोस्लाव्हियाहून आलेला, बचावाला खेळणारा, पस्तिशीकडे झुकलेला. उजवा गुडघा सुजलेला असायचा, तो पट्टी बांधून झाकायचा. मैदानात उतरताना वाकून माझ्यावर तळवा टेकवायचा. तो हात थंडगार असे. भ्यालेला माणूस मला स्पर्शावरून कळतो.

मला अंथरायची, माझ्या पट्ट्या चिकटपट्टीनं जोडायची ती डोलोरेस कुबियाक. आखाड्याच्या जमिनीची सगळी देखभाल तिच्याकडे. तिचं तोंड फटकळ, पण पाऊल हलकं.

पुढे गर्दी ओसरली. आधी वरच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या, मग मधल्या. प्रशिक्षक आले आणि गेले. संघाचे मालक हार्लन प्रेविट गाद्यांचे दुकानदार; गावभर गाद्या विकून स्वतः मात्र झोप गमावून बसले होते. अशात बातमी आली की शेजारच्या बफेलो शहरातला एक धनिक रविवारी दुपारचा सामना बघायला येणार. खेळ पसंत पडला, तर संघ विकत घेणार.

नेमका त्याच आठवड्यात बर्फ पाझरला. फळ्या भिजल्या, आणि एका गोलासमोर माझा जोड उकलला. कडा वर उचलली गेली. बुटाचं टोक अलगद आत जाईल एवढी.

डोलोरेसनं मालकांना बोलावून दाखवलं. “साहेब, हे बघा. यात पाय गेला की गुडघा गेलाच.”

“मग चिकटव ना!”

“ओल्या लाकडावर काय चिकटणार? माझं कपाळ? सामना उद्यावर ढकला.”

“पाहुणा दुपारी येऊन टपकतोय, बाई. आज खेळलो नाही तर उद्या संघच नसेल.” प्रेविट वळले. “झ्डेन्को, तूच सांग.”

झ्डेन्कोनं कडा हातानं दाबून पाहिली; ती पुन्हा वर आली. “आमच्या पोरांना सांगून ठेवतो,” तो म्हणाला. “तिकडे कोणी फिरकणार नाही.”

“आणि समोरच्यांना कोण सांगणार?” डोलोरेसनं विचारलं.

प्रेविट घड्याळ बघत निघून गेले.

सामना सुरू झाला. बगळे त्या जागेला वळसा घालून खेळत होते, पाण्यातला साप चुकवावा तसे. पाहुणा वरच्या कक्षात बसून हसत होता. बगळ्यांना एका गोलची आघाडी होती. शेवटच्या टप्प्यात बाजू बदलल्या आणि उकललेल्या जोडाजवळचा गोल राखायची पाळी बगळ्यांवर आली. आता समोरचे सगळे माझ्या त्या फाटक्या तोंडाकडेच धावत येणार होते.

त्यांच्यात फर्गस टेट नावाचा तांबड्या केसांचा स्कॉटिश गडी होता. वाऱ्यासारखा पळायचा. चेंडू भिंतीवरून उसळून बरोबर त्या कडेपाशी आला आणि टेट सुटला. त्याच्या पावलांचे हादरे मला जवळ येताना जाणवत होते. आता मोडणार, आता मोडणार. मी गोठून गेलो.

झ्डेन्कोला जागचं हलायचीही गरज नव्हती; टेट आपोआप पडला असता आणि आघाडी टिकली असती. पण तो धावला. “थांब! अरे, थांब!” ओरडत त्यानं खांदा घातला आणि टेटला उचलून भिंतीवर फेकलं.

टेट उठला तो त्याची गचांडी धरायलाच. “डोकं फिरलंय का रे तुझं? जीव घेतोस का माझा?”

झ्डेन्कोनं बुटाचं टोक माझ्या उकललेल्या कडेखाली घातलं आणि कडा सगळ्यांना दिसेल इतकी वर उचलली.

टेटनं ते पाहिलं. तो मटकन खालीच बसला. पंचांनी शिट्टी वाजवली, सामना रद्द. वर पाहुणा उठून कोट चढवत होता.

प्रेविट धावत आले. “मारलास तू माझा संघ!”

“हो साहेब,” झ्डेन्को म्हणाला. “पण निदान त्याचा पाय शाबूत आहे.”

त्याच आठवड्यात बगळे संपले. झ्डेन्को पुन्हा पगारावर खेळला नाही. पुढे तो शाळेची बस चालवायला लागला, असं ऐकलं. मग माझ्यावर सुरी चालली. कोणी घराच्या ओट्याला तुकडा नेला, कोणी मोटारीखाली घातला. डोलोरेसनं मोठा तुकडा भावाच्या तबेल्यात नेऊन पसरला.

तिथे एक अर्धवट आंधळी घोडी होती. पहिल्या दिवशी ती माझ्या कडेशी थरथरत उभी राहिली. पाऊल टाकेना. मीही खाली तसाच थरथरत होतो. मग तिनं एक खूर ठेवला. मी घसरू दिलं नाही. दुसरा ठेवला.

आता डोलोरेसचा भाऊ गेला, तबेला विकला गेलाय. नवा मालक काल मोजपट्टी घेऊन आला होता. आज खिशात सुरी असेल. बाबा रे, कापायचं तर काप. फक्त घोडीच्या दारापासून पाण्याच्या हौदापर्यंतचा तुकडा तेवढा राहू दे. तिला तेवढीच वाट ठाऊक आहे.